केवलादेव घन्यांतील शिकारीचा शिलापट

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास भरतपुर हें नांव नवें नाहीं. सन १७५४ मध्यें कुंभेरीच्या वेढ्यांत मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव पडले. सन १७६१ च्या जानेवारींत पानिपतावर मोड होऊन माघारी आलेल्या मराठी मंडळीस सूरजमल जाटानें आपल्या मुलखांत आसरा व अन्नवस्त्र दिलें. पुढें सन १८०५ सालीं यशवंतराव होळकर भरतपुरच्या रणजितसिंहाच्या आश्रयास असतां लॉर्ड लेक याचे चार हल्ले त्या किल्ल्याच्या तटाखंदकापाशीं निष्फळ झाले. ह्या प्रसंगांचा ऊहापोह आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. परंतु त्याच शहराच्या आग्नेयेस, अगदीं लगत, केवलादेव घना नांवाची जी पाणथळ जागा आहे, तेथें एक शिलापट उभा आहे. त्यावर कोणाचें दान नाहीं, जीर्णोद्धार नाहीं, वंशावळ नाहीं. तेथें जीं बदकांचीं शिकार झाली, तिच्या तारखा व आकडे दगडांत कोरलेले आहेत. पक्षिशास्त्राचे अभ्यासक त्याचा उल्लेख वारंवार करितात. आपण ज्या रीतीनें शिलालेख व कागद तपासतों, ती रीत या पटास लावून पाहावी, त्यांतून काय निघतें व काय निघत नाहीं हें ठरवावें, आणि त्याच्या जोडीस कोणतीं साधनें ठेवावीं लागतात तें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

१. स्थळ

घन्याची भूमि मुळांत सखल. गंभीर व बाणगंगा या नद्यांचें पावसाळी पाणी या बाजूस पसरत असे. त्यास आवर घालण्यासाठीं अठराव्या शतकांत सूरजमलाच्या अमदानींत अजान बांध झाला. या बांधाचें पाणी कालव्यानें घन्यांत सोडतात. आंत आणखी लहान बांध व मोऱ्या घालून त्या पाण्याचे भाग पाडले आहेत. झाडी दाट म्हणून 'घना', व आंत केवलादेव महादेवाचें मंदिर म्हणून 'केवलादेव', असें हें जोडनांव पडलें. आज या राष्ट्रीय उद्यानाचें क्षेत्र सुमारें २९ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे जिला आपण निसर्गाची देणगी म्हणतों ती जागा पुष्कळ अंशीं मनुष्याच्या हातची आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्यावर अवलंबून आहे.

भरतपुराच्या पाण्याचें महत्त्व पूर्वीं लष्करी होतें. सन १८०५ च्या वेढ्यांत खंदकांतील खोल पाण्यानें इंग्रजी पलटणींची वाट अडविली. हा धडा इंग्रज विसरले नाहींत. सन १८२५ च्या डिसेंबरांत लॉर्ड कंबरमियर चालून आला, तेव्हां त्याच्या फौजेनें प्रथम मोती झीलेचा बांध हस्तगत केला व खंदक भरण्याचा मार्गच बंद करून टाकिला. किल्ला १८ जानेवारी १८२६ रोजीं पडला. ज्याच्या हातीं बांध त्याच्या हातीं भरतपुर, असा हा अनुभव होता. किल्ल्याच्या बाबतींत त्याचें प्रयोजन उरलें नाहीं. घन्याच्या बाबतींत तो आजहि खरा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोरवीच्या राजघराण्यांतील हरभमजी हे भरतपुर संस्थानचे कारभारी होते. त्यांच्या देखरेखीखालीं घन्यांत बांध, मोऱ्या व रस्ते यांची व्यवस्था लागली. हेतु असा कीं, हिंवाळ्यांत उत्तरेकडून येणारीं बदकें येथें मोठ्या संख्येनें उतरावीं व पाहुण्यांस त्यांची शिकार साधावी. सन १९०२ पासून येथें मोठ्या शिकारी होऊं लागल्या.

२. शरद् ऋतूंतील वाट

शिलापटाकडे जाणारी वाट हीच येथील पक्षिदर्शनाची मुख्य वाट आहे. उद्यानाच्या दरवाजांतून सरळ रस्ता आंत जातो. दोहों बाजूंस पाण्यानें भरलेलीं खाचरें व मधून मधून बाभळींचीं बेटें. आश्विनाच्या अखेरीस येथें सकाळीं चालणारास एकाच वेळीं दोन निरनिराळ्या ऋतूंचीं पांखरें पाहावयास मिळतात, हें या स्थळाचें वैशिष्ट्य होय.

पहिला वर्ग घरच्या पांखरांचा. चित्रबलाक, उघड्या चोंचीचे करकोचे, चमचे, बगळे व पाणकावळे हे पावसाळ्यांत पाणी चढलें म्हणजे बाभळींवर घरटीं बांधतात. एकेका झाडावर अनेक घरटीं असून शरदांत त्यांतलीं पिलें मोठीं झालेलीं असतात. त्यांचा कलकल व शिटेचा उग्र वास दुरूनच त्या बेटाची खूण पटवितो. ज्या वर्षीं पाणी आलें नाहीं त्या वर्षीं ह्या वसाहती वसत नाहींत, कारण पिलांस लागणारी मासळी पाण्याबरोबरच घन्यांत येते. यास्तव चित्रबलाकाच्या घरट्यांची संख्या हा त्या वर्षीच्या पाण्याचा एक प्रकारें जमाखर्चच समजावा.

दुसरा वर्ग पाहुण्यांचा. तलवार बदकें, थापटे, लालसरी, चक्रवाक व पट्टकदंब हीं मध्य आशिया, तिबेट व सायबेरिया या प्रदेशांतून आश्विन-कार्तिकांत उतरूं लागतात. थवा प्रथम पाण्यावरून एक दोन घिरट्या घेतो व मग एकदम खालीं येतो. त्यांची मोजणी करणारा मनुष्य थव्याचा एक लहान भाग मोजून त्यावरून सबंध थव्याचा अदमास बांधतो. ही रीत आपल्या परिचयाची आहे. बखरकार फौजेची संख्या देई, ती बहुधा अशाच अदमासानें. फरक एवढाच कीं, पक्षिनिरीक्षक आपला आंकडा अदमासाचा आहे असें लिहून ठेवतो.

येथें सायकलरिक्षा हांकणारे लोकहि पक्षी ओळखण्यांत तयार झाले आहेत. नवख्यास वठलेलें खोड दिसतें तेथें ते बसलेलें घुबड दाखवितात. कमळांच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी, गवतांत शिरणारी जांभळी पाणकोंबडी, दूर शेताच्या कडेस जोडीनें उभे असलेले सारस, यांच्यापुढें थबकत थबकत मनुष्य केवलादेवाच्या मंदिरापाशीं येतो. तेथेंच तो शिलापट आहे.

३. शिलापट

पट वालुकाश्माचा असून लेख इंग्रजींत आहे. रचना कोष्टकाची. तारीख, ज्याच्या सन्मानार्थ शिकार झाली त्याचें नांव, बंदुका किती व पक्षी किती मारले, असा एकेका शिकारीचा तपशील त्यांत दिला आहे. आरंभ सन १९०२ च्या लॉर्ड कर्झनच्या शिकारीचा. तींत १७ बंदुका होत्या व ५४० पक्षी पडले. सन १९१६ मधील लॉर्ड चेम्सफर्डच्या शिकारीचा आंकडा ४,२०६ आहे. सर्वांत मोठा आंकडा १२ नोव्हेंबर १९३८ चा. त्या दिवशीं लॉर्ड लिन्लिथगो याच्या सन्मानार्थ ३९ बंदुकांनीं ४,२७३ पक्षी मारले. त्या वर्षीची त्रिपुरी पौर्णिमा होऊन पांचच दिवस लोटले होते. म्हणजे उत्तरेकडील थवे नुकतेच येऊन ठरले असतांची ही शिकार होय.

पुढें संस्थानें विलीन झालीं. घना निचरून त्याची शेतजमीन करावी असाहि विचार निघाला होता. सलीम अली प्रभृति पक्षितज्ज्ञांनीं त्यास विरोध केला. सन १९५६ मध्यें घना पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तथापि मोठ्या शिकारी सन १९६४ पर्यंत होत राहिल्या व महाराजांचा शिकारीचा हक्क सन १९७२ पर्यंत कायम होता. सन १९८१ त या जागेस रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत स्थान मिळालें. सन १९८२ त राष्ट्रीय उद्यान झालें आणि सन १९८५ त जागतिक वारशाच्या यादींत तिचा समावेश झाला. या सर्व घडामोडी होऊनहि शिलापट आपल्या जागीं राहिला, हें इतिहासाच्या दृष्टीनें उत्तम झालें. लाजिरवाणा कागद फाडण्याचा मोह सर्वच काळीं असतो. तो दगडाच्या बाबतींत येथें आवरला गेला.

४. साधनाची चिकित्सा

आतां या आंकड्यांचा अर्थ काय करावा? सन १९०२ मध्यें दर बंदुकेस सुमारें ३२ पक्षी पडले व सन १९३८ मध्यें सुमारें ११०. यावरून मधल्या छत्तीस वर्षांत पक्षी तिपटीहून अधिक झाले, असें कोणी म्हणूं लागल्यास तें ग्राह्य होणार नाहीं. शिकार किती तास चालली, काडतुसें किती उडालीं, थवे उठविण्यास माणसें किती लाविलीं व त्या वर्षीं घन्यांत पाणी किती होतें, यांवर हा आंकडा अवलंबून असतो. आणि यांपैकीं कशाचीहि संगति निव्वळ संख्येवरून लागत नाहीं. शिवाय एकूण संख्येवरून जाती कळत नाहींत. तलवार बदक किती, चक्रवाक किती, यांचा निवाडा होत नाहीं. जखमी होऊन दूर गवतांत मेलेले पक्षी हिशेबांत येत नाहींत.

तेव्हां पटावरून निःशंकपणें एवढेंच सिद्ध होतें कीं, अमुक तारखेस घन्यांत निदान इतकीं पांखरें होतीं. हें अनुमान लहान दिसतें, पण फुकट नाहीं. सन १९३८ सालीं कार्तिकाच्या वद्य पक्षांत एका दिवसांत सवाचार हजारांवर पक्षी ज्या पाण्यावर मारतां आले, तें पाणी त्या वर्षीं चांगलें भरलेलें असलें पाहिजे, असा तर्क करण्यास त्यांतून आधार मिळतो. दुसरी गोष्ट, पट ज्यानें कोरविला त्याच्या दृष्टीनें नोंद करण्याजोगें काय होतें, हें त्यावरून अगदीं स्पष्ट होतें: पाहुण्याचें नांव व मेलेल्यांची संख्या. प्रशस्तींतून राजाचा पराक्रम जितका कळतो, त्याहून प्रशस्तिकाराच्या मनांत पराक्रम म्हणजे काय होतें हें अधिक कळतें. हा नियम येथेंहि लागू आहे.

पक्षिनिरीक्षकाचें टिपण या पटाशेजारीं ठेवावें म्हणजे भेद ध्यानांत येतो. त्यांत दिवस, वेळ, हवा, पाण्याची पातळी, जात व संख्या हीं येतात. आणि जें दिसावयास हवें होतें पण दिसलें नाहीं, त्याचीहि नोंद येते. ही शेवटची नोंद आपणांस विशेष मोलाची वाटली पाहिजे. अभावाचा पुरावा ऐतिहासिक साधनांत फार दुर्मिळ असतो.

५. एक चित्र व एक टिपण

याचें उत्तम उदाहरण सायबेरियाच्या पांढऱ्या क्रौंचाचें आहे. बादशहा जहांगीर यास पशुपक्ष्यांचें वेड होतें. त्यानें लैला व मजनू या नांवांची सारसांची जोडी पाळिली होती, व तीं अंडीं कशीं उबवितात, पाळी कशी बदलतात, हें बारकाईनें पाहून आपल्या आत्मवृत्तांत लिहून ठेविलें. त्याचा चित्रकार उस्ताद मन्सूर यानें सतराव्या शतकाच्या पहिल्या चरणांत सायबेरियाच्या क्रौंचाचें चित्र काढलें. तें आज कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमांत आहे. युरोपांत या पक्ष्याचें शास्त्रीय वर्णन पल्लास या पंडितानें सन १७७३ त केलें. म्हणजे मन्सूराचें चित्र त्याच्या सुमारें दीडशें वर्षें अगोदरचें ठरतें. हस्तलिखितें व चित्रें जमविणारांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. ज्या पानाकडे आपण केवळ कलाकुसर म्हणून पाहतों, तें एखाद्या पक्ष्याचा पहिला खात्रीलायक दाखला असूं शकतें.

हाच क्रौंच घन्यांत हिंवाळा काढीत असे. सन १९६४-६५ च्या हिंवाळ्यांत त्यांची संख्या सुमारें दोनशें होती. पुढें ती उतरत गेली. वाटेंत होणारी शिकार व पाणथळींचा नाश हीं त्याचीं कारणें सांगतात. सन २००१-०२ च्या हिंवाळ्यांत एक जोडी आली. त्यानंतर हा पक्षी घन्यांत उतरला नाहीं. शिलापटांत याचा मागमूस नाहीं, कारण तो बदकांच्या शिकारीचा पट. मन्सूराच्या चित्रापासून त्या शेवटच्या जोडीपर्यंतचा सुमारें पावणेचारशें वर्षांचा वृत्तांत जुळवावयाचा तर एका टोकास दरबारी चित्र व दुसऱ्या टोकास पक्षिनिरीक्षकांचीं टिपणें, हींच साधनें हातीं लागतात. तीं टिपणें नसतीं तर 'पूर्वीं येथें क्रौंच पुष्कळ येत' एवढें मोघम वाक्य उरलें असतें. कधीं, किती व केव्हांपर्यंत, यांचें उत्तर मिळालें नसतें.

६. पाण्याचे निर्णय

घन्याच्या अलीकडील इतिहासांतून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सन १९८२ च्या नोव्हेंबरांत उद्यानांत गुरें चारण्यास बंदी झाली. भोंवतालच्या गांवांचीं म्हशी-गुरें पिढ्यानपिढ्या घन्यांत चरत आलीं होतीं. बंदीवरून तंटा होऊन पोलिसांचा गोळीबार झाला व कांहीं ग्रामस्थ मृत्युमुखीं पडले. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनीं केलेल्या दीर्घ निरीक्षणांत असें आढळून आलें कीं, म्हशी पाण्यांतील गवत खाऊन टाकीत, त्या बंद झाल्यावर तेंच गवत माजलें व उघडें पाणी कमी होऊन कित्येक पक्ष्यांची अडचण झाली. शिकारीचा पट कोरणारांनीं गुराख्यांची नोंद केली नाहीं, आणि बंदी घालणारांनींहि त्यांचा जुना वहिवाट-हक्क हा या पाणथळीच्या घडणीचा एक भाग आहे हें ओळखलें नाहीं. गांवकऱ्यांच्या वहिवाटीचे कागद त्या वेळीं कोणी वाचले असते, तर निर्णय कदाचित् निराळा झाला असता.

पाण्याचीहि तीच कथा. गंभीर नदीवर वरच्या अंगास, करौली जिल्ह्यांत, पांचना धरण झालें. तेथील शेतकऱ्यांस पाणी हवें व खालीं घन्यासहि हवें, असा प्रश्न उभा राहिला. घन्याची वर्षाची गरज सुमारें ५५ कोटि घनफूट धरितात. सन २००४ पासून कांहीं वर्षें पुरेसें पाणी आलें नाहीं. खाचरें कोरडीं पडलीं व बाभळींवरच्या वसाहती वसल्या नाहींत. पुढें गोवर्धन नाल्यावरून व चंबळेच्या नळांतून पाणी आणण्याची योजना करावी लागली. सन १८२५ सालीं बांध ज्याच्या हातीं त्याच्या हातीं किल्ला होता. आतां बांध ज्याच्या हातीं त्याच्या हातीं चित्रबलाकाचीं घरटीं आहेत. या वादांत वरच्या अंगाचा शेतकरी अन्यायी व पक्षी तेवढे निरपराध, असा पक्ष घेण्याचें कारण नाहीं. परंतु कोणत्या वर्षीं कोणी किती पाणी सोडलें याचें दप्तर जपलें गेलें पाहिजे, हें कोणासहि मान्य व्हावें.

७. उपसंहार

यावरून आपल्या संग्राहक बंधूंस दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, आपल्या जुन्या दप्तरांविषयीं. मराठी राज्यांतील अठरा कारखान्यांत शिकारखाना हा एक होता. अशा शिकारखान्याचे कागद हातीं आल्यास ते केवळ खर्चाच्या बाबी म्हणून बाजूस टाकूं नयेत. ससाणे कोठून आले, कोणत्या महिन्यांत कोणत्या तळ्यावर स्वारी गेली, काय मारिलें, या बाबी तारीखवार मिळाल्यास त्या तळ्याचा व त्याच्या पक्ष्यांचा इतिहास त्यांतून उभा राहूं शकतो. सोमेश्वराच्या 'मानसोल्लासां'त श्येनविनोद सांगितला आहे, तो शास्त्र म्हणून; त्याचा प्रत्यक्ष व्यवहार पाहावयाचा तर असे जमाखर्चच धुंडाळले पाहिजेत.

दुसरी सूचना आजच्या टिपणांविषयीं. राष्ट्रीय सभेचे एक संस्थापक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे हिंदुस्थानांतील पक्षिशास्त्राचेहि मोठे अभ्यासक होते. पांवशतक खपून केलेलीं त्यांचीं पक्षिविषयक टिपणें शिमल्याच्या घरांतून एका नोकरानें चोरून रद्दी म्हणून बाजारांत विकलीं. ह्यूम यांनीं त्यानंतर आपला ग्रंथसंकल्प सोडून दिला व सन १८८५ त आपला अफाट पक्षिसंग्रह ब्रिटिश म्यूझियमास देऊन टाकिला. पुडे बांधण्यांत गेलेल्या त्या कागदांतून त्या काळच्या किती तळ्यांचा वृत्तांत नाहींसा झाला, याची गणती आतां होणें नाहीं. रद्दींतून बखरी वांचविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस हें दुःख निराळें समजावून सांगण्याची जरूर नाहीं.

दर शरदांत घन्यांत, नांदूर मध्यमेश्वरीं व इतर पाणथळींवर अनेक हौशी मंडळी सकाळच्या वेळीं वही घेऊन हिंडतात. त्यांच्या वह्या त्यांच्या पश्चात् घरोघर पडून राहतात व मग रद्दींत जातात. या वह्या मागून घेऊन, तारखा व स्थळें तपासून, संशोधनसंस्थांच्या संग्रहांत ठेवाव्या. नांदूर मध्यमेश्वराचा रामसर यादींत समावेश झाला आहे. महाराष्ट्रांतील असें तें पहिलेंच स्थळ. तेथील वह्यांपासून आपणांस हें काम आपल्याच प्रांतांत आरंभितां येईल. केवलादेवाच्या दगडावर मेलेल्यांची गणती पक्की होऊन बसली आहे. जिवंतांची गणती अद्यापि कागदावर आहे, आणि कागद राखणें हें आपलें काम आहे.